शास्त्रदान आणि वऱ्हाडातील ग्रंथभांडारे

वाचून होतील त्याहून अधिक ग्रंथ विकत घेणारा एखादा तरी गृहस्थ प्रत्येक गावात असतोच. घरची मंडळी त्याची थट्टा करतात, कपाटे वाढत जातात, आणि न उघडलेल्या ग्रंथांची संख्या उघडलेल्यांच्या पुढे जाते. जपानी भाषेत या सवयीला 'त्सुंदोकु' असा स्वतंत्र शब्दच रूढ आहे. महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथांचा विचार मनात ठेवूनच मुंबईस दादर येथे 'राजगृह' बांधले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु बाबासाहेब हे अफाट वाचक होते, त्यांना हा दंडक लावणे योग्य नव्हे. जैन समाजाच्या इतिहासात याहून निराळा प्रकार आढळतो. येथे शतकानुशतके श्रेष्ठी, व्यापारी आणि त्यांच्या घरातील श्राविका यांनी ग्रंथ विकत घेतले, लिहवून घेतले, मंदिरात विराजमान केले. आणि यांपैकी बहुतेक ग्रंथ आपल्या हातून वाचले जाणार नाहीत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. या न वाचलेल्या ग्रंथांचे पुढे काय झाले, याचे उत्तर शोधण्यास वऱ्हाडाइतकी योग्य भूमी दुसरी क्वचितच सापडेल.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाचे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या दानांची उदाहरणे म्हणून जी नावे येतात, त्यांत कौंडेशाचे नाव शास्त्रदानासाठी आहे. त्याची कथा परंपरेने अशी सांगितली जाते की, पूर्वजन्मी तो गोविंद नावाचा गुराखी होता. रानात एका वृक्षाच्या ढोलीत त्याला एक प्राचीन ग्रंथ सापडला. तो त्याने घरी नेऊन भक्तिभावाने पूजिला आणि पुढे पद्मनंदी मुनींच्या हाती सोपविला. त्या पुण्याने तो पुढील जन्मी श्रुतधर मुनी झाला. या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शास्त्रदानाचा आदर्श म्हणून परंपरेने पंडिताची निवड केली नाही, एका गुराख्याची केली. त्याने ग्रंथाचा अर्थ लावला नाही. ढोलीतून तो बाहेर काढला आणि वाचू शकणाऱ्याच्या हाती दिला, एवढेच त्याचे कर्तृत्व!

पुराणकथा बाजूला ठेवून इतिहासाकडे वळले तरी हेच दिसते. दहाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बे या श्राविकेने कवी पोन्न याच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून वाटल्याची प्रसिद्धी आहे. एका व्यक्तीला एकाच ग्रंथाच्या हजार प्रती वाचावयास नको असतात, हे उघड आहे. मुद्रणकला भारतात येण्यापूर्वी पाचशे वर्षे एका स्त्रीने ग्रंथाला विस्मृतीपासून वाचविण्याचा जो उपाय योजिला, तो म्हणजे प्रतींची संख्या वाढविणे. गुजरातेत, राजस्थानात, दक्षिणेत ठिकठिकाणी जी ज्ञानभांडारे उभी राहिली, त्यांच्या मागे हाच विचार होता.

पुढच्या काळात ही प्रथा सामान्य श्रावकांपर्यंत पोचली. व्रत पूर्ण झाले की उद्यापनात ग्रंथ लिहवून देण्याची रीत पडली. दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ ग्रंथ दिले गेले. हस्तलिखिताच्या अखेरीस प्रशस्ती लिहिली जाई. तीत संवत्, तिथी, गाव, भट्टारकांची परंपरा, दात्याचे कुल, त्याचे माता-पिता, पत्नी, पुत्र या सर्वांची नावे येत, आणि ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी हा ग्रंथ लिहविला, असा हेतू नमूद केला जाई. लेखकू स्वतःकडून एक विनंतीही जोडीत असे : तेल, पाणी, सैल बांधणी आणि अजाण हात यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे. आज इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रशस्त्या मूळ ग्रंथाइतक्याच मोलाच्या वाटतात. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केलेला 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ पाहिला, म्हणजे मूर्तिलेख आणि ग्रंथप्रशस्त्या यांतून केवढा इतिहास उभा करता येतो याची कल्पना येते. दात्यांनी ग्रंथ वाचले नसतील. पण त्यांच्या नावांमुळेच गावोगावच्या घराण्यांचा काळ निश्चित झाला.

वऱ्हाडात या परंपरेचे केंद्र म्हणजे कारंजा. १९९८ साली वाशीम जिल्हा निर्माण होईपर्यंत कारंजा अकोला जिल्ह्यात होते, आणि अमरावती-अकोल्याच्या जैन समाजाशी त्याचे नाते त्यानंतरही तसेच राहिले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावात असणे, ही साधी गोष्ट नव्हे. सतराव्या शतकात दक्षिणयात्रेस निघालेले श्वेतांबर यती शीलविजय यांनी आपल्या तीर्थमालेत कारंजाचा आणि तेथील बघेरवाल श्रेष्ठी भोज संघवी यांच्या औदार्याचा गौरव केला आहे. परपंथीय साधूने केलेले हे वर्णन असल्यामुळे ते विशेष विश्वसनीय मानावे लागते. कापसाच्या आणि सावकारीच्या या पेठेत जो पैसा खेळत होता, त्याचा काही अंश भट्टारकांच्या प्रेरणेने मंदिरांत आणि मंदिरांतून ग्रंथभांडारांत गेला. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, गुजराती, मराठी अशा अनेक भाषांतील पोथ्या वेष्टनांत बांधून पेट्यांत ठेवल्या गेल्या. त्यांतील अपभ्रंश पोथ्या वाचणारे पुढे पुढे जवळजवळ कोणीच उरले नाहीत. तरीही त्या टाकून दिल्या गेल्या नाहीत, हे महत्त्वाचे.

अपभ्रंश भाषेविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. प्राकृत आणि आधुनिक मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधला हा दुवा. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील पंडितांना या भाषेचे साहित्य व्याकरणग्रंथांतील तुटक उदाहरणांपलीकडे फारसे उपलब्ध नव्हते. जर्मन विद्वान रिशार्ड पिशेल यांनी १९०२ साली जी सामग्री संकलित केली, ती अशा अवतरणांचीच होती. १९१८ साली हर्मन याकोबी यांनी धनपालाची 'भविसत्तकहा' म्युनिक येथून प्रसिद्ध केली, तेव्हा एक संपूर्ण अपभ्रंश काव्य हाती आल्याचा केवढा आनंद विद्वज्जगतात झाला! त्याच वेळी कारंजाच्या पेट्यांत अशी अनेक संपूर्ण काव्ये वेष्टनांत बांधून ठेवलेली होती.

१९२६ साली नागपूरहून मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते रायबहादूर हीरालाल. कारंजाच्या भांडारांचे महत्त्व या सूचीने विद्वानांच्या ध्यानी आले. पुढे या ग्रंथांना प्रकाशात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते दुसरे हीरालाल : अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हीरालाल जैन. (दोघांच्या नामसाम्यामुळे अनेकदा घोटाळा होतो, म्हणून हा उल्लेख.) कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' निघाले. त्यानंतर डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाने 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'पाहुडदोहा' आणि कनकामर मुनींचे 'करकंडचरिउ' ही पुस्तके १९३२ ते १९३४ या अल्पावधीत बाहेर पडली. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत काव्यरचना करणारा पुष्पदंत अशा रीतीने वऱ्हाडातल्या एका गावातून पुन्हा जगापुढे आला. ज्यांनी त्याच्या काव्याच्या प्रती लिहविल्या, जपल्या, त्या श्रावकांना ही गोष्ट स्वप्नातही दिसली नसेल.

तथापि, या विषयातील सर्वांत विलक्षण कथा आहे ती धवल सिद्धांताची, आणि तिचा शेवटचा अंक अमरावतीत घडला.

आचार्य धरसेनांकडून गिरनारच्या चंद्रगुंफेत श्रुत ग्रहण करून आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमाची रचना केली, आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीस त्या ग्रंथाची पूजा झाली, ही श्रुतपंचमीची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. (हे आचार्य पुष्पदंत आणि वर उल्लेखिलेला कवी पुष्पदंत भिन्न होत.) या आगमावर आचार्य वीरसेनांनी इसवी सन ८१६ मध्ये 'धवला' ही टीका पूर्ण केली. तिचे प्रमाण ७२,००० श्लोक. कषायपाहुडावरील 'जयधवला' वीरसेनांनी आरंभिली व त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पुरी केली. तिचे प्रमाण ६०,००० श्लोक. नित्य स्वाध्यायात रोज वीस श्लोकप्रमाण भाग वाचावा असा नेम कोणी धरला, तर धवला संपण्यास ३,६०० दिवस, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे लागतील, आणि जयधवलेस आणखी आठ वर्षांहून अधिक. तेही प्राकृत आणि संस्कृत या दोन्ही भाषा आणि कर्मसिद्धांताची परिभाषा अवगत असेल तर!

कित्येक शतके या ग्रंथांच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत तेवढ्या उरल्या होत्या. लिपी जुनी कानडी. दूरदूरचे यात्रेकरू त्यांच्या दर्शनास जात, भेट ठेवीत आणि परत येत. ग्रंथ होता, श्रद्धा होती, परंतु वाचन बंद पडले होते. १८८३च्या सुमारास मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद पानाचंद यात्रेनिमित्त तेथे गेले, आणि ताडपत्रांची जीर्ण अवस्था पाहून चिंतित झाले. त्यांनी ही चिंता सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्यापुढे मांडली. 'जैन बोधक' हे मराठी मासिक चालविणारे आणि ग्रंथ छापावेत असे आग्रहाने सांगणारे हे गृहस्थ. त्या काळी शास्त्र छापणे म्हणजे त्याची आशातना, असे मानणारा मोठा वर्ग समाजात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येते. वर्गणी जमवून १८९५-९६च्या सुमारास प्रती करण्याचे काम सुरू झाले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्याकडे ते सोपविले गेले. काम अनेक वर्षे चालले. परंतु नव्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यावयाच्या नाहीत, असा तेथील पंचांचा निर्धार होता.

आणि मग असे घडले की, गजपती उपाध्यायांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक कानडी प्रत तयार केली. ती प्रत घेऊन ते हिराचंद आणि माणिकचंद यांच्याकडे गेले, तेव्हा दोघांनीही, ही प्रत चोरून केलेली आहे, या कारणास्तव ती घेण्यास नकार दिला. पुढे सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती विकत घेऊन आपल्या मंदिरात ठेवली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर झाले. हे काम करणारे पंडित सीताराम शास्त्री यांनीही एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेतली, आणि तीवरून नकला करून ते ठिकठिकाणच्या मंदिरांना, संस्थांना देऊ लागले. दोन वेळा नियम मोडला गेला, तेव्हा कुठे ग्रंथ मोकळा झाला. हिराचंद-माणिकचंद यांचा नकार नीतीला धरून होता यात शंका नाही. पण त्यांनी नाकारलेली प्रत जर कोणीच घेतली नसती, तर ग्रंथाची काय अवस्था झाली असती, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. इतिहासात सज्जनांच्या हातून राहिलेले काम कधी कधी असे वाकड्या वाटेने पुरे होते.

त्या नकला विकत घेणाऱ्यांत वऱ्हाडातील मंडळी होती, ही अभिमानाची गोष्ट होय. अमरावतीचे सिंघई पन्नालाल बंसीलाल यांनी प्रती करवून तेथील जैन मंदिरात ठेवल्या. कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातही एक प्रत आली. १९१८ साली ब्रह्मचारी देवचंदजी यांनी, म्हणजेच पुढील पूज्य मुनिश्री समंतभद्र महाराजांनी, स्थापिलेले हे गुरुकुल. या नकला म्हणजे हजारो हस्तलिखित पृष्ठांचा ढीग, आणि त्यासाठी मोजावी लागलेली रक्कम थोडी नसणार. अमरावतीच्या बाजारपेठेत त्या काळी हा व्यवहार किती जणांना शहाणपणाचा वाटला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मंदिरात नित्य येणाऱ्या श्रावकांपैकी तो ग्रंथ आद्यंत वाचणारा कोण होता?

वाचणारा त्याच गावात निघाला. डॉ. हीरालाल जैन यांचे महाविद्यालय आणि ती प्रत एकाच शहरात होती, हा योगायोग जैन साहित्याच्या इतिहासात फार मोठा ठरला. भेलसा, म्हणजे आजचे विदिशा, येथील श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड निर्माण झाला आणि त्याचे कार्यालय अमरावतीस उघडले. अमरावती, कारंजा आणि बिहारमधील आरा येथील जैन सिद्धांत भवन अशा तीन ठिकाणच्या प्रती समोर ठेवून पाठ निश्चित करण्याचे काम सुरू झाले. पं. फूलचंद्र, पं. हीरालाल आणि पं. बालचंद्र हे सिद्धांतशास्त्री, कारंजाचे पं. देवकीनंदन, कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये अशा विद्वानांचे सहकार्य त्यास लाभले. १९३९ साली पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला, आणि जवळजवळ वीस वर्षांच्या परिश्रमानंतर सोळा खंड पूर्ण झाले. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची टीका प्रथमच मुद्रित झाली, तिच्या मुखपृष्ठावर अमरावतीचे नाव होते.

अनेक प्रती असण्याचे मोल काय, हे पहिल्या खंडातील एका शब्दाने दाखवून दिले. सत्प्ररूपणेतील ९३व्या सूत्रात 'संजद' हा शब्द उपलब्ध प्रतींत नव्हता. संदर्भ आणि टीका पाहता तो तेथे असावयास हवा, असे संपादकांना वाटले. त्यांनी मूळ पाठात फेरफार न करता तळटीप दिली. त्यावरून विद्वानांत आणि समाजात जो वाद माजला, तो जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिला. दरम्यान छापील खंड पाहून मूडबिद्रीचे भट्टारक व पंच यांचेही मत बदलले, आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास त्यांनी संमती दिली. पं. लोकनाथ शास्त्री यांच्या साहाय्याने ही तुलना झाली. ताडपत्रात 'संजद' शब्द होता. नकलांवरून नकला होताना कोठेतरी तो गळला होता. एकाच घरात, एकाच प्रतीवर विसंबून राहिलेल्या समाजाला ही चूक कधीही कळली नसती. आणि ताडपत्रे मूडबिद्रीकरांनी प्राणपणाने जपली नसती, तरीही ती कळली नसती. ज्यांनी कुलूप लावले त्यांचे आणि ज्यांनी ते उघडले त्यांचे, अशा दोघांचेही हे ऋण आहे. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरविले गेले आणि ते फलटण येथे ठेवले गेले, तेही याच चिंतेतून.

एवढे झाल्यावर, ग्रंथ नुसता घेऊन ठेवला की काम झाले, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. ज्या पोथ्या वाचल्या त्यांच्यामागे, ज्या वाचल्या नाहीत त्यांची संख्या किती होती, हे कोणी सांगू शकत नाही. वाळवी, दमट भिंती, वाटण्यांत विखुरलेल्या पेट्या, आणि कोणत्या पोथीत काय आहे याची नोंदच नसणे, ही नाशाची कारणे सर्वत्र सारखीच. कारंजाच्या भांडारांना सूचीकार लाभला, म्हणून ती विद्वानांस दिसली. सूची नसलेले भांडार असून नसल्यासारखे असते. भारत सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले, त्याचाही पहिला भर नोंदींवरच होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा दर्जा ज्या साहित्याच्या आधारे मागितला जातो, त्याचा मोठा भाग अशाच न वाचलेल्या वेष्टनांतून निघालेला आहे.

मुद्रणामुळे ग्रंथ स्वस्त झाले आणि शास्त्रदानाचे रूप पालटले. आता उद्यापनास, दीक्षामहोत्सवास, स्मृतिदिनास छापील पुस्तकांचे वाटप होते. घराघरांतील कपाटांत एकाच पूजासंग्रहाच्या चार-चार प्रती आढळतात, आणि षट्खंडागमाचे खंड मात्र क्वचित. वाटल्या जाणाऱ्या पुस्तकांवर दात्याचे नाव ठळकपणे असते, संपादकाचे कधी असते कधी नसते. जुन्या प्रशस्तीत दोघांनाही जागा होती, लेखकूलाही होती.

श्रुतपंचमीस वेष्टने सोडावयाची, पाने उन्हाच्या कवडशाला न लागतील अशी वारा देऊन झटकावयाची, नवे वेष्टन घालावयाचे आणि पूजा करून पुन्हा ठेवावयाचे, ही रीत अनेक मंदिरांत आजही आहे. त्याच दिवशी प्रत्येक ग्रंथाचे नाव, पानांची संख्या, लेखनाचे संवत् आणि अखेरची प्रशस्ती एका वहीत उतरवून घेण्यास एखाद्या लहान मंदिराला दोन-तीन वर्षांच्या श्रुतपंचम्या पुरतात. अक्षर वाचता येत नसेल तेथे पहिल्या आणि शेवटच्या पानाचे छायाचित्र पुरे आहे. मजकूर लावणारा कोणी पुढे मिळेलच.